वादकासमोरचा कागद

चित्रपटसंगीतावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक चाल, शब्द आणि गळा यांच्याभोवतीच फिरते. चाळीस-पन्नास माणसे एकाच क्षणी वाजवतात ती कशाच्या आधारावर, हा प्रश्न आपल्या समीक्षेला फारसा पडत नाही. आधार असतो वादकासमोरच्या कागदाचा. संयोजकाच्या पूर्ण आराखड्यातून प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी उतरवून घेतलेली असते. तिला 'पार्ट' म्हणतात.

हे काम निव्वळ नकलेचे नाही. बँडमधल्या नेहमीच्या क्लॅरिनेटवर 'सी' वाजवला तर ऐकू येते काळी पाच. म्हणून त्याची ओळ एक स्वर वर चढवून लिहावी लागते. बराच वेळ गप्प बसणाऱ्या वादकाला शेजारच्या वाद्याचे दोन-चार स्वर बारीक अक्षरांत खुणेसाठी द्यावे लागतात. पान उलटण्याची जागा विश्रांतीवर आणावी लागते, कारण व्हायोलिनवाल्याला तिसरा हात नसतो.

मुंबईत ही विद्या मोठ्या प्रमाणात गोव्याच्या वादकांनी आणली. चर्चच्या शाळांत ते लहानपणीच स्टाफ नोटेशन शिकलेले असत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाची मांडणी करणारे सेबॅस्टियन डिसूझा श्रेयनामावलीत मात्र 'सहायक'. ज्यांनी नुसते पार्ट उतरवले, त्यांची तर नावेही पडद्यावर येत नसत.

भातखंड्यांची स्वरलिपी होतीच की, असे कुणी म्हणेल. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला फुली, खालीला शून्य: बंदिश जपण्यासाठी ती उत्तमच. पण ती एका गळ्याची वही आहे. दहा वाद्यांनी एकाच मात्रेवर काय करावे, हे एकाखाली एक दाखवण्यासाठी ती घडलेली नाही.

मी धाराशिव जिल्ह्यातला. तुळजापूरच्या गोंधळात संबळ, तुणतुणे, झांज असा मेळ असतो, पण कागद कुठेच नसतो. संबळाच्या दोन काठ्या, त्यांतली एक टोकाला वाकवलेली, बापाच्या हातातून लेकाच्या हातात येतात आणि ठेकाही तसाच येतो. दुसरीकडे 'सैराट'साठी (2016) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. तिथले वादक समोर ठेवलेला पार्ट वाचून वाजवतात. मराठी येण्याची गरज नसते.

हे दोन्ही मेळ एका रचनेत बसवायचे तर संबळवादकाच्या ओळीत काय लिहायचे? नुसत्या तिरक्या रेघा मारून 'मनाने वाजवा' म्हणणे हा मला त्या वादकाचा सन्मान वाटत नाही. त्यात संयोजकाची सुटका अधिक आहे. पण प्रत्येक आघात टिपून त्याला बांधून टाकणेही चूक. ठेक्याचे मुख्य बोल देवनागरीत, इतर वाद्ये कुठे थांबतात त्याच्या खुणा, आणि मधली आवर्तने मोकळी: एवढा कागद पुरेल. आमच्याकडच्या बँडवाल्यांसाठी सरगमही चालेल, फक्त डोक्यावर पट्टी लिहावी. पेटीचा सा पांढरी एक असेल, तर क्लॅरिनेटवाल्याने सा आपल्या 'डी'वर धरायचा.

असे पार्ट कुणी काढले, तर कोपऱ्यात उतरवणाऱ्याचे नाव आणि तारीखही घालावी.