शिलकीचा अर्थसंकल्प आणि रिकामी पदे : राजकोषीय शिस्तीच्या चर्चेची एक चिकित्सा

प्रस्तावना

केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला की त्याच सायंकाळी राजकोषीय तुटीच्या टक्केवारीवर भाष्य सुरू होते. तूट घटली असेल तर अर्थमंत्र्यांचे अभिनंदन आणि वाढली असेल तर उधळपट्टीचा ठपका, असा या चर्चेचा ठरीव साचा झालेला आहे. मराठी वृत्तपत्रे व अर्थसंकल्पावरील व्याख्याने यांत 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण अशा वेळी हटकून येते. महाविद्यालयातील शिक्षककक्षही त्याला अपवाद नाही. प्रस्तुत लेखात या चर्चेची चिकित्सा करावयाची आहे. तूट असावी की नसावी या प्रश्नाचा निकाल लावणे हा येथे हेतू नाही. तूट कमी केली जाते तेव्हा तिचा भार कोणावर सरकविला जातो, हा प्रश्न या चर्चेतून सातत्याने निसटतो, एवढेच येथे दाखवावयाचे आहे. त्यासाठी प्रथम वसाहतकाळातील दोन प्रसंग व त्यानंतर २००३ च्या केंद्रीय कायद्याचा अनुभव विचारात घेतला आहे.

अंथरुणाच्या म्हणीविषयी आधी थोडे. कुटुंबाच्या व्यवहारात ती शहाणपणाचीच आहे. कुटुंबाचे उत्पन्न बहुतांशी बाहेरून ठरते आणि त्याने किराणा कमी भरला म्हणून त्याच्या पगारात घट होत नाही. शासनाचे तसे नसते. शासनाचा खर्च हा कोणाचे तरी उत्पन्न असतो आणि त्या उत्पन्नावरच पुढे कर मिळतो. शिवाय शासनाचे अंथरूण बऱ्याच अंशी शासन स्वतःच विणते. सप्टेंबर २०१९ मध्ये देशी कंपन्यांना, इतर सवलती सोडण्याच्या अटीवर, २२ टक्के दराने कर भरण्याची मुभा देण्यात आली. त्यामुळे वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा अंदाज शासनानेच त्या वेळी जाहीर केला होता. या निर्णयाची चर्चा 'चालना' या शब्दाने झाली. तेवढीच रक्कम शाळा अगर दवाखाने यांवर खर्चावयाची ठरली असती, तर तिला कोणता शब्द लागला असता हे सांगण्याची गरज नाही. अंथरूण आखूड करणारा निर्णय काटकसरीच्या चर्चेत येतच नाही. चर्चा पायांचीच होते.

गोखले यांचे १९०२ चे भाषण

२६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात आपले पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. संपणाऱ्या वर्षाच्या सुधारित अंदाजात सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती आणि हिंदुस्थानच्या वित्तव्यवहारात अशी शिल्लक अभूतपूर्व होती. अन्य सभासद अर्थसचिवांचे अभिनंदन करीत असता गोखले यांनी त्यात सामील होण्यास नकार दिला. पाच वर्षांपूर्वी वेल्बी आयोगापुढे साक्ष दिलेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या या प्राध्यापकाचे आकडे तयार होते.

त्यांचा युक्तिवाद आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. रुपयाचा भाव घसरत चालल्याने लंडनमधील देणी भागविण्यासाठी १८८५ नंतरच्या काळात सरकारने एकामागून एक कर वाढविले. मिठावरील कर १८८८ मध्ये मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे टांकसाळी बंद करून रुपया कृत्रिमरीत्या महाग करण्यात आला, १३ पेन्सपर्यंत उतरलेला भाव १६ पेन्सवर स्थिर झाला आणि सरकारची लंडनची देणी रुपयांत हलकी झाली. ज्या कारणासाठी कर वाढविले ते कारण अशा रीतीने संपले. कर मात्र राहिले. शिल्लक निर्माण झाली ती येथून. त्याच वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले होते. गोखले यांचे म्हणणे असे की, लोक हलाखीत असताना सरकारने गरजेपेक्षा अधिक वसूल करणे हा पहिला अन्याय. त्या शिलकीकडे बोट दाखवून देश समृद्ध होत आहे असे म्हणण्याची सोय होणे हा दुसरा. सरकारच्या तिजोरीची स्थिती आणि रयतेची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही, हा त्या भाषणाचा गाभा होय.

या भाषणाचा पुढील वर्षीच्या निर्णयावर कितपत परिणाम झाला याविषयी मतभेद संभवतात. १९०३ मध्ये मिठावरील कर २ रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची माफी मर्यादा ५०० वरून १००० रुपये झाली, एवढे मात्र खरे.

येथे एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. गोखले यांना खर्चाचे पुरस्कर्ते म्हणून उभे करण्याचा मोह होऊ शकतो आणि तो टाळला पाहिजे. लष्करी खर्चावर त्यांनी सातत्याने टीका केली, लंडनमधील देण्यांवरही केली. काटकसर हवी असे ते सांगतच होते. पण काटकसरीतून वाचलेला पैसा प्राथमिक शिक्षणाकडे वळावा, हा त्यांचा आग्रह होता. १९११ मध्ये त्यांनी मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढील वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कपात कोठे आणि वाढ कोठे, हा प्रश्न त्यांच्या लेखी एकूण आकड्याच्या आधीचा होता. आजच्या चर्चेत क्रम उलटा झाला आहे. आधी आकडा ठरतो, मग तो गाठण्यासाठी जे कापता येईल ते कापले जाते.

१९२३ चा मिठाचा कर

दुसरा प्रसंग थोडक्यात पाहू. पहिल्या महायुद्धानंतर सलग काही वर्षे हिंदुस्थान सरकारचा अर्थसंकल्प तुटीत होता. १९२२ मध्ये लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखाली काटकसर समिती नेमण्यात आली आणि तिने लष्करासह अनेक खात्यांत मोठी कपात सुचविली. तरीही जमाखर्चाची तोंडमिळवणी होईना, तेव्हा मिठावरील कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचा प्रस्ताव आला. मध्यवर्ती विधिमंडळाने तो नाकारला. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपल्या विशेषाधिकारात प्रमाणित करून तो अमलात आणला आणि अर्थसंकल्प समतोल झाला. पुढच्याच वर्षी कर पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला. कागदावरचा समतोल निर्दोष होता. तो लोकप्रतिनिधींचे मत बाजूस सारून आणि सर्वांत गरीब माणसाच्या स्वयंपाकघरातून साधला होता, ही बाब ताळेबंदात कोठेही दिसत नाही.

२००३ चा कायदा आणि त्याच्या पळवाटा

स्वतंत्र भारतात कर्जावर मर्यादा घालण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींकडे आहे. केंद्राचे कर्ज संसदेने ठरविलेल्या मर्यादेत असावे अशी तरतूद संविधानाच्या अनुच्छेद २९२ मध्ये आहे आणि संसद हा अधिकार गांभीर्याने वापरील अशी अपेक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४९ मध्ये संविधान सभेत व्यक्त केली होती. प्रत्यक्षात तसा कायदा होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९९१ मध्ये सोने परदेशी गहाण टाकण्याची पाळी आल्याची आठवण ताजी असतानाही विधेयक २००० मध्ये आले, २००३ मध्ये संमत झाले आणि जुलै २००४ पासून अमलात आले. महसुली तूट शून्यावर आणि राजकोषीय तूट स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांवर आणणे ही त्याची उद्दिष्टे. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या कर्जसवलतीची सांगड अशाच कायद्याशी घातली आणि महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी आपापले कायदे केले.

या कायद्याला केवळ नावे ठेवणे योग्य होणार नाही. रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे थेट सरकारकडून घेण्यावर त्याने बंधन आणले, मध्यम मुदतीचे विवरण संसदेपुढे ठेवणे भाग पाडले. व्याजाचे ओझेही काल्पनिक नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय अंदाजात महसुली जमा सुमारे ३४.२० लाख कोटी रुपये आणि व्याजाचा खर्च सुमारे १२.७६ लाख कोटी रुपये आहे. महसुलाच्या प्रत्येक १०० रुपयांतील ३७ रुपये व्याजात जाणार असतील, तर 'तुटीचे काय एवढे' असे म्हणणाऱ्या डाव्या बाजूच्या टीकाकारांनाही उत्तर द्यावे लागेल. ते बहुधा दिले जात नाही.

तथापि कायद्याने आकडा बांधला की आकड्याची व्याख्या सैल होते, असा अनुभव आहे. २००७-०८ मध्ये राजकोषीय तूट सुमारे अडीच टक्क्यांवर आली आणि शिस्तीचा विजय म्हणून तिचा गौरव झाला. त्याच काळात तेल कंपन्यांचा तोटा भरून काढण्यासाठी रोख रकमेऐवजी तेलरोखे दिले जात होते व ते तुटीच्या आकड्यात मोजले जात नव्हते. २०१४ मध्ये असे सुमारे १.३ लाख कोटी रुपयांचे रोखे फेडावयाचे शिल्लक होते. पुढे सरकार बदलले, पद्धत बदलली नाही. अन्नधान्यावरील अनुदानाची पूर्ण रक्कम न देता भारतीय अन्न महामंडळास राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज घ्यावयास लावण्यात आले. टपाल कार्यालयात पैसे ठेवणाऱ्या सामान्य माणसाच्या बचतीतून अनुदानाची उधारी चालली आणि कर्ज महामंडळाच्या नावावर राहिले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात या अर्थसंकल्पबाह्य व्यवहारांवर बोट ठेवले. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ही कर्जे हिशेबात घेतली गेली तेव्हा २०२०-२१ च्या अन्न अनुदानाचा अंदाज सुमारे १.१६ लाख कोटींवरून ४.२३ लाख कोटींवर गेला. त्यातील काही वाढ महासाथीतील मोफत धान्याची होती. बाकी वाढ जुन्या उधारीची. प्रामाणिकपणाचे हे पाऊल स्वागतार्हच होते. आधीच्या वर्षांतील शिस्त किती खरी होती, असा प्रश्न मात्र त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

महसुली खर्च म्हणजे कोण?

कायद्याची वाटचाल पाहिली तर आणखी एक बदल लक्षात येतो. २०१२ मध्ये 'प्रभावी महसुली तूट' ही संकल्पना कायद्यात आली, म्हणजे मालमत्ता उभी करण्यासाठी दिलेली अनुदाने महसुली तुटीतून वजा होऊ लागली. एन. के. सिंह समितीच्या २०१७ च्या अहवालानंतर २०१८ मध्ये महसुली तुटीचे उद्दिष्टच वगळण्यात आले आणि कर्जाचे प्रमाण हा नवा निकष आला. मूळ कायद्याचे अर्धे अंग अशा रीतीने गळून पडले. असे असूनही महसुली खर्च म्हणजे अनुत्पादक आणि भांडवली खर्च म्हणजे उत्पादक, हा समज चर्चेत टिकून आहे. किंबहुना तो दृढ झाला आहे. केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० मधील सुमारे ३.३६ लाख कोटींवरून २०२५-२६ च्या अंदाजात ११.२१ लाख कोटींवर गेला आणि राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षे मुदतीची बिनव्याजी कर्जे देण्यासाठी त्याच अंदाजात दीड लाख कोटींची तरतूद झाली. रस्ते व रेल्वे यांची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु या वर्गीकरणात महाविद्यालयाची इमारत भांडवली ठरते आणि त्या इमारतीत शिकविणारा अध्यापक महसुली ठरतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंती भांडवली, परिचारिका महसुली. राज्याला इमारतीसाठी ५० वर्षांचे बिनव्याजी कर्ज मिळू शकते, अध्यापकासाठी नाही.

महसुली खर्चातही सर्व बाबी सारख्या लवचीक नसतात. व्याज थांबविता येत नाही, निवृत्तिवेतन थांबविता येत नाही, सेवेत असलेल्यांचे वेतनही नाही. थांबविता येते ती नवी भरती. तिच्यासाठी विधिमंडळात मतदान लागत नाही, समिती नेमावी लागत नाही, मिठावरील करासारखा गदारोळ होत नाही. कोणी निवृत्त झाल्यावर जागा भरली नाही की झाले. आपल्या राज्यातील विद्यापीठांत व अनुदानित महाविद्यालयांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली आणि त्या जागी तासिका तत्त्वावरील अध्यापक आले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना आकडेवारीनिशी सांगावयास नको. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एक तासिका अध्यापक, पीएच.डी. आणि नेट असलेले, आठवड्याचे तास दोन महाविद्यालयांत विभागून घेतात व उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवणी वर्गात जातात. अर्थसंकल्पाच्या भाषेत त्यांचे रखडलेले आयुष्य ही बचत आहे. अर्थात एकट्या राजकोषीय कायद्यावर हा दोष टाकणे अन्यायाचे ठरेल. राज्यांचे अग्रक्रम, निवडणूकपूर्व घोषणा आणि वेतन आयोगांचे ओझे यांचाही त्यात वाटा आहे. पण टक्केवारीचे बंधन आणि भरतीची सोयीस्कर लवचीकता यांची गाठ पडली की कात्री कोठे चालेल हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही.

विशेष म्हणजे कायमस्वरूपी वेतनावर असलेले आपण अध्यापकच शिक्षककक्षात अंथरुणाची म्हण सर्वांत आधी उच्चारतो, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला तासिका अध्यापक चहा संपवून पुढच्या तासाला निघून जातो.

चर्चेचे स्वरूप बदलावयाचे तर आरंभ अगदी साध्या मागणीने करता येईल. केंद्र व राज्ये यांनी राजकोषीय कायद्यानुसार जी विवरणे अर्थसंकल्पासोबत ठेवावयाची असतात, त्यांत तूट, कर्ज, हमी आणि महसुलाचे अंदाज असतात. त्या वर्षी मंजूर पदांपैकी किती पदे रिकामी ठेवून किती रक्कम वाचविली, याचा रकाना त्यांत नाही.