शमन की शापग्रस्त? : स्वीनीच्या कथेचा पुनर्विचार

जुन्या आयरिश वाङ्मयाच्या विवेचनात गेल्या सात-आठ दशकांत एक शब्द इतका मुरला आहे की, तो बाहेरून आलेला पाहुणा आहे याचे भान आता कोणास राहत नाही. तो शब्द म्हणजे ‘शमन’. शांतवन या अर्थी आपण जो ‘शमन’ शब्द वापरतो, तो हा नव्हे. सैबेरियातील एवेंकी लोकांच्या भाषेतून हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम युरोपच्या ग्रंथांत शिरला. त्याचे मूळ आपल्या ‘श्रमण’ शब्दात असावे, असे काही पंडितांनी सुचविले. तो वाद मिटलेला नाही. मिर्चा एलियादे यांचा या विषयावरील ग्रंथ १९५१ साली फ्रेंचमध्ये व १९६४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. भावसमाधीत देह सोडून आत्म्याने ऊर्ध्वलोकी वा अधोलोकी प्रवास करणे हे शमनाचे मुख्य लक्षण, असे त्यांनी ठरविले. त्यानंतर हे लक्षण हाती घेऊन जो तो आपापल्या पुराणकथा धुंडाळू लागला. जॉन मॅथ्यूज यांनी १९९१ साली टालिएसिन या वेल्श कवीवर लिहिलेला ग्रंथ या वळणाचा ठळक नमुना होय.

या शोधात ज्या कथेचा वारंवार आधार घेतला जातो ती ‘बुइले सुइव्ने’, म्हणजे स्वीनीचा उन्माद. तिचे उपलब्ध रूप सामान्यतः बाराव्या शतकातील मानतात. हस्तलिखिते मात्र सतराव्या शतकातील आहेत. जे. जी. ओकीफ यांनी १९१३ साली ती संपादून प्रसिद्ध केली आणि शेमस हीनी यांच्या १९८३ च्या इंग्रजी रूपांतरामुळे ती आयर्लंडबाहेर सर्वतोमुखी झाली.

कथा थोडक्यात अशी. रोनान नावाचा साधू आपल्या राज्यात प्रार्थनामंदिराची आखणी करीत आहे, हे घंटेच्या नादावरून कळताच स्वीनी राजा संतापून धावतो. राणी एओरान त्याचे वस्त्र धरते. वस्त्र तिच्या हाती राहते आणि राजा तसाच विवस्त्र जाऊन साधूची स्तोत्रपोथी तळ्यात भिरकावतो. एक पाणमांजर ती पोथी जशीच्या तशी परत आणून देते. पुढे मॉय राच्या लढाईच्या वेळी (इतिहासकार तिचा काळ इ. स. ६३७ देतात) स्वीनी रोनानच्या एका शिष्यास भाल्याने मारतो आणि दुसरा भाला साधूच्या घंटेवर फेकतो. साधू शाप देतो. सैन्यांचा गगनभेदी घोष उठताच स्वीनीची बोटे बधिर होतात, शस्त्रे गळून पडतात आणि तो पाखरासारखा उडत रानोमाळ निघून जातो. झाडांच्या शेंड्यांवर वस्ती, झऱ्याकाठच्या पाल्यावर निर्वाह, अंगावर पिसे. आणि मुखी कविता.

पिसे, उड्डाण, वृक्ष, उन्माद, काव्य! शमनवाद्यांना आणखी काय हवे? आणि त्यांचा पक्ष अगदीच पोकळ आहे, असेही आम्ही म्हणत नाही. कॉर्मकच्या जुन्या शब्दकोशात कवीच्या ज्ञानप्राप्तीच्या एका विधीचे वर्णन आहे: कवी डुकराचे, कुत्र्याचे वा मांजराचे कच्चे मांस चावतो, त्यावर मंत्र म्हणतो आणि दोन्ही तळहात गालांवर ठेवून झोपी जातो, झोपेत त्याला हवे ते दिसते. मोग रुह नावाचा ड्रुइड बैलाचे कातडे पांघरून व पक्ष्याच्या पिसांचे शिरस्त्राण घालून आकाशात चढतो, अशीही कथा आहे. १७०३ साली मार्टिन मार्टिन यांनी स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात अंधाऱ्या खोलीत पोटावर दगड ठेवून पडून काव्य रचणाऱ्या कवींची हकीगत येते. या साऱ्या गोष्टी मोलाच्या आहेत. त्यांवरून द्रष्टेपणाच्या काही विधींची आठवण आयरिश परंपरेत टिकून होती, एवढे म्हणता येते. पण त्या आठवणीही मठांतील लेखकांच्या लेखणीतून उतरल्या आहेत. त्यांतले जुने किती आणि ख्रिस्ती लेखकाने रचलेले किती, हा प्रश्न किम मॅकोन यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात ज्या कठोरपणे विचारला, त्यानंतर तो टाळून पुढे जाणे कोणाही अभ्यासकाला शोभणार नाही.

आता स्वीनीकडे वळू. शमन जातो तो कोणासाठी तरी जातो. रोग्याचा हरवलेला आत्मा शोधणे, मृताला पोहोचविणे, शिकारीची दिशा विचारणे ही त्याची कामे. आणि काम करून तो परत येतो. आपल्याकडील अंगात येण्याचा प्रकार याहून निराळा. तेथे देवता माणसाकडे येते, माणूस देवतेकडे जात नाही. परंतु देवऋषी आणि शमन या दोघांभोवतीही माणसे बसलेली असतात, हे साम्य महत्त्वाचे. स्वीनीभोवती कोणीही नाही. त्याच्या उड्डाणाने कोणाचा ज्वर उतरत नाही. एकदा त्याचा आप्त लिंगशाखान त्याच्या घरची सारी माणसे मेल्याची खोटी वार्ता सांगतो. ती ऐकून स्वीनी दुःखाने झाडावरून खाली येतो आणि पकडला जातो. त्याचे भान परतते ते या दुःखाने! त्यात विधी कोठे आहे? आणि गिरणीवरच्या म्हातारीने उडी मारून दाखविण्याचा आग्रह धरताच तो पुन्हा रानात जातो.

सुमारे १२५० च्या ‘राजाचा आरसा’ या नॉर्वेजियन ग्रंथात आयर्लंडच्या अशा वेड्यांचा उल्लेख आहे, तोही येथे ध्यानी घ्यावा. लढाईच्या भयाने माणसे रानात पळतात व बऱ्याच वर्षांनी त्यांच्या अंगावर पिसे येतात, असे तो ग्रंथकार सांगतो. म्हणजे त्या परदेशी लेखकाच्या कानी जी गोष्ट गेली, तिचे कारण होते रणभय. स्वतः स्वीनीला ब्रिटनमध्ये आणखी एक रानवेडा भेटतो, तोही शापितच. वेल्श मिर्दिन (पुढील काळातील मर्लिन) हाही ५७३ च्या आर्व्हदेरिदच्या लढाईनंतर रानात गेलेला. तीन परंपरांत तीन रणांगणे आहेत, आणि शमनवाद्यांना ती दिसत नाहीत, याचे आम्हांला नवल वाटते.

आमचा खरा आक्षेप मात्र वाङ्मयीन आहे. स्वीनीचे उड्डाण ‘दीक्षा’ ठरले की त्याची थंडी खोटी ठरते. या कथेतील कवितांचा प्राण ही थंडी आहे. ओक, अल्डर, काटेरी ब्लॅकथॉर्न, आयव्ही, झऱ्याकाठचा पाला यांची नावे घेत तो एकेका झाडाला संबोधतो, त्या झाडांचे कौतुक करतो आणि त्याच श्वासात पायांत रुतलेल्या काट्यांचे गाऱ्हाणे मांडतो. मऊ अंथरूण नको म्हणणारा आणि मऊ अंथरुणासाठी रडणारा असे दोघेही या कवितांत एकाच वेळी बोलत असतात. एओरान आता दुसऱ्याच्या घरी आहे. तो तिला भेटतो तेव्हा ती म्हणते, मलाही पिसे फुटावीत, तुझ्यासह हिंडावे. आणि तोच तिला राजाच्या घरी राहावयास सांगतो. गूढलोकाचा यात्री हे असे बोलेल काय? वर्गात ही कथा शिकविताना एलियादेंचे लक्षण फळ्यावर आधी लिहिले, तर विद्यार्थी या संवादापाशी थांबणारच नाहीत, अशी आम्हांस भीती वाटते.

शेवटी साधू मोलिंग त्याला आश्रय देतो, दिवसभर कोठेही हिंड पण सायंकाळी येथे ये म्हणतो आणि त्याची हकीगत लिहून ठेवतो. तेथील स्वयंपाकीण शेणाच्या पोत टाचेने खळगा करून त्यात दूध ओतते. स्वीनी पोटावर पडून ते पितो. याच अवस्थेत तिचा मत्सरग्रस्त नवरा त्याला भाला मारतो. शाप असाच होता. मोलिंग त्याचा हात धरून त्याला मंदिराच्या दारापर्यंत नेतो. ज्या घंटेच्या नादाने तो एकदा खवळून धावला होता, तसल्याच एका मंदिराच्या दाराशी खांब धरून स्वीनी प्राण सोडतो.