पोकळी धरायची की वगळायची?

आज ज्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे ते लोर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅशबी यांचं ‘सेल्युलर सॉलिड्स’. पहिली आवृत्ती १९८८ ची. फोम, बूच, लाकूड अशा आतून पोकळ्या असलेल्या हलक्या पदार्थांचा ताठपणा घनतेवरून कसा ताडायचा, हे ते शिकवतं. मूळ द्रव्याच्या दहाव्या हिश्शाइतकी घनता असलेला, उघड्या कप्प्यांचा फोम घ्या. त्याचा ताठपणा साधारण शंभराव्या हिश्शावर येतो, कारण भार पडला की कप्प्यांच्या काड्या वाकतात. तेवढंच द्रव्य सरळ नळ्यांत रचलं आणि लांबीच्या दिशेने भार दिला, तर दहावा हिस्सा उरतो. वजन तेच, रचना वेगळी.

आमची तक्रार एवढीच, की आलेखावरच्या रेषा इतक्या सुबक आहेत की वाचक घनता बघतो आणि रचना विसरतो.

आपल्या गोंदियाच्या जंगलातला बांबू घ्या ना. दोन टेकूंवर ठेवा, मधोमध वजन टांगा, किती वाकतो ते मोजा. आता गणितात मधली पोकळी धरायची की वगळायची? आतला व्यास बाहेरच्याच्या निम्मा असेल, तर भरीव काठीपेक्षा २५ टक्के द्रव्य कमी असतं, पण वाकण्याला होणारा विरोध जेमतेम ६ टक्क्यांनी घटतो. पोकळी वगळली तर द्रव्याचा ताठपणा कळतो, धरली तर अख्ख्या काठीचा. दोन्ही आकडे खरे, प्रश्न निराळे. शिवाय बांबूचे तंतू बाहेरच्या बाजूला दाट, आत विरळ. म्हणजे ‘द्रव्याचा’ आकडाही सरासरीच. कामट्या काढणाऱ्या बुरुडाला पाठ आणि गाभा यांतला फरक हाताला कळतो.

हा शब्दच्छल नाही. २०११ च्या जनगणनेत भिंतीच्या साहित्याचा एक रकाना आहे: गवत, बांबू वगैरे. ताठपणाच्या हिशेबात ही दोन एका रांगेत बसत नाहीत. कोणी म्हणेल, तिथे विचार टिकाऊपणाचा आहे. वाळवी, ओल, आग. मान्य. पण मग ताठपणा, मजबुती आणि टिकाऊपणा ही तीन वेगळी मापं आहेत हे सरळ म्हणावं. एका ‘कच्चं’ या शब्दात तिन्ही कोंबली, की घर कशात कमी पडतं आणि काय सुधारायचं, हेच कळेनासं होतं. पुस्तक वाचताना आणि रकाना भरताना आपण आधी एवढं विचारावं: नेमकं काय मोजलं?