‘माझं मत आहे’ म्हणजे नेमकं काय? भयपट, क्रिकेट आणि आपली सहज मतं

आजचा विषय वाचून काही जणांना आश्चर्य वाटलं असेल. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत भुतंखेतं, क्रिकेट आणि ‘झिंगाट’ कशाला? त्याचं उत्तर साधं आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी गेल्या आठवड्यात कांटवर एकही मत दिलेलं नसेल, पण एखादा चित्रपट, एखादा सामना, एखादी मालिका यांवर निदान पाच-दहा मतं नक्की दिली असतील. चहा पिता पिता, गाडीत, जेवताना. म्हणजे ‘मत असणं’ आणि ‘मत देणं’ या क्रिया आपण रोज जिथे करतो, ते क्षेत्र हे आहे. तेव्हा त्या क्रिया तपासायच्या असतील तर इथेच तपासल्या पाहिजेत.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत ‘मत’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ रोजच्या वापरात आहेत. एक मत आपण मतपेटीत टाकतो. दुसरं मत आपण बोलून दाखवतो. दोन्हींचे नियम मात्र अगदी उलट आहेत. मतदान गुप्त असतं, त्याला कारण द्यावं लागत नाही, कुणी विचारूही नये. सगळ्यांच्या मताचं वजन सारखं, आणि शेवटी मोजणी होते. बोलून दाखवलेलं मत उघड असतं, त्याला ‘का?’ असा प्रश्न विचारता येतो, आणि त्याचं वजन त्यामागच्या कारणांवर ठरतं. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की हे दोन अर्थ आपण एकमेकांत कालवून टाकले आहेत. आपण मत बोलून दाखवतो, आणि कुणी ‘का?’ विचारलं की मतदाराचे हक्क मागतो: “ते माझं मत आहे, विषय संपला.”

उदाहरण घेऊ. ‘तुंबाड’ हा राही अनिल बर्वे यांचा चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. हिंदी चित्रपट, पण जग सगळं मराठी. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेलं, मूळ प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची. त्याबद्दलचं एक मत हमखास ऐकू येतं: “छान आहे हो, पण भीती नाही वाटत. हॉरर म्हणता येणार नाही.”

या वाक्यात दोन वाक्यं दडलेली आहेत. ‘मला भीती वाटली नाही’ हे स्वतःबद्दलचं निवेदन आहे. ते खोडून काढता येत नाही, कारण तुम्हाला काय वाटलं ते तुम्हीच सांगणार. ‘हा भयपट नाही’ हे मात्र चित्रपटाबद्दलचं विधान आहे. ते बरोबर असेल किंवा चूक असेल. आपली लबाडी अशी, की विधान करायचं चित्रपटाबद्दल आणि कुणी अडवलं की आश्रय घ्यायचा निवेदनाचा.

कांटने १७९० च्या ग्रंथात हा भेद फार नेमका मांडला आहे. एखादं मद्य रुचकर लागतं असं म्हणणाऱ्याला कुणी सुचवलं, की बाबा रे, ‘मला रुचकर लागतं’ असं म्हण, तर तो आनंदाने दुरुस्ती मान्य करतो. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हणताना आपण इतरांकडूनही संमतीची अपेक्षा करत असतो. ‘माझ्यापुरती सुंदर’ असं म्हटलं तर त्या शब्दाचा अर्थच जातो. गंमत म्हणजे कांटच्या मते हा निर्णय पुरावे देऊन सिद्ध करता येत नाही. तरी त्याबद्दल हुज्जत घालता येते, आणि ती हुज्जत व्यर्थ नसते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त या सगळ्याची मराठीत जी चिकित्सा केली आहे, ती जिज्ञासूंनी मुळातून वाचावी.

आता ‘तुंबाड’बद्दल हुज्जत घालून बघू. ‘भीती नाही’ म्हणणाऱ्याला कोणती भीती अपेक्षित असते? दार करकरतं, आवाज होतो, आपण दचकतो. ही दचकण्याची भीती. तिच्यात काही कमीपणा नाही. ‘पुराना मंदिर’सारख्या रामसे बंधूंच्या चित्रपटांनी तिच्यावर थिएटरं भरली. पण दचकणं क्षणात संपतं. ‘तुंबाड’मध्ये दुसरी भीती आहे, आणि ती हस्तरची नाही. विनायक आपल्या मुलाला, पांडुरंगला, खाली उतरायचं शिक्षण देतो. दोर कसा धरायचा, पिठाच्या रिंगणात कसं उभं राहायचं, कणकेची बाहुली कधी टाकायची. बाप मुलाला घरचा धंदा शिकवतो आहे, इतकंच. आणि मुलगा हुशार आहे, चटकन शिकतो. राक्षसाच्या कमरेची मोहरांची थैली ही इथे रोजीरोटी झाली आहे, आणि लोभ वडिलोपार्जित मिळकतीसारखा एका पिढीकडून दुसरीकडे जातो आहे. घाबरायचं ते इथे. शापित आजीच्या देहातून झाड उगवलं आहे आणि तरी ती मरत नाही, या दृश्याने आपण दचकत नाही. पण ते दृश्य आपल्याबरोबर घरी येतं.

अभिनवगुप्ताने भयानक रसाचं उदाहरण म्हणून ‘शाकुंतला’तलं बाणाच्या भीतीने पळणारं हरीण घेतलं आहे. त्याचं म्हणणं असं, की तिथे ‘मी घाबरलो’ किंवा ‘ते घाबरलं’ असं काही उरत नाही. अमक्याची, अमक्या वेळची भीती न राहता भय तेवढं प्रतीत होतं. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून राहिला तर त्याला तो रसातला अडथळा मानतो. म्हणजे ‘मी दचकलो का?’ एवढंच तपासत बसलेला प्रेक्षक भयाच्या अनुभवाच्या दारातच उभा आहे. तो आत आलेला नाही.

पण हुज्जत एकतर्फी नको. ‘तुंबाड’विरुद्धही सकारण बोलता येतं. सुरुवातीलाच निवेदनातून देवीची, हस्तरची आणि शापाची गोष्ट सांगून टाकली आहे. लोभ वाईट, हे तात्पर्य हाती ठेवूनच आपण वाड्यात शिरतो. जे हळूहळू कळायला हवं होतं ते आधी कळल्याने भीतीची थोडी बोधकथा होते. शेवटी पांडुरंग बापाने पुढे केलेली थैली नाकारतो, तो क्षण या तात्पर्यामुळे काहीसा अपेक्षित वाटतो. आता हे मत तुम्ही मान्य करा किंवा करू नका, पण त्याला उत्तर देता येतं. कुणी म्हणेल, तात्पर्य आधी कळूनही विनायक परत परत खाली उतरतो, हीच तर खरी भीती. छान! चर्चा पुढे सरकली. ‘भंगार आहे’ किंवा ‘मास्टरपीस आहे’ याला काय उत्तर देणार?

आणि मोजणीचं काय झालं ते बघा. २०१८ मध्ये या चित्रपटाला बेताचाच प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. चित्रपट तोच. मोजणीने आपल्याला प्रेक्षकांबद्दल बरंच सांगितलं, चित्रपटाबद्दल काही सांगितलं नाही. मधल्या सहा वर्षांत जे घडलं ते बोलण्यातून घडलं. कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, “बघच, त्यात असं असं आहे.”

आता खेळाकडे वळू. तिथे धावफलक असतो, म्हणून मतांचा घोळ कमी असेल असं वाटतं. तसं होत नाही. २ एप्रिल २०११, वानखेडे. विश्वचषकाचा अंतिम सामना. कुणालाही विचारा, काय आठवतं? धोनीचा षटकार. आणि लगेच दुसरा कुणी म्हणणार, “षटकार कसला, सामना गंभीरने जिंकून दिला.” इतकी वर्षं झाली, हा वाद मिटलेला नाही.

हा वाद धावफलकाने का मिटत नाही? भारत सहा गडी राखून जिंकला, हे फलक सांगतो. कुणाची खेळी मोठी, हे तो सांगत नाही. ते कारणांनीच बोलावं लागतं. २७५ धावांचं लक्ष्य होतं. सेहवाग शून्यावर गेला, तेंडुलकर १८ वर. धावा ३१, गडी बाद दोन. तिथून गंभीरने आधी कोहलीबरोबर ८३ आणि मग धोनीबरोबर १०९ धावांची भागीदारी केली, आणि ९७ वर तो बाद झाला. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी, की त्या स्पर्धेत तोवर एकही अर्धशतक नसलेला कर्णधार, भरात असलेल्या युवराजच्या आधी स्वतः मैदानात उतरला. तो फसला असता तर सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं असतं. त्याने ७९ चेंडूंत नाबाद ९१ केल्या. म्हणजे एकीकडे पडझडीत उभं राहणं आहे, दुसरीकडे जोखीम अंगावर घेणं. वाद दोन खेळाडूंचा दिसतो. खरं म्हणजे तो ‘मोठी खेळी’ कशाला म्हणायचं, धीराला की धाडसाला, याचा आहे. हा नीतिशास्त्रातला प्रश्न झाला! आणि तो कट्ट्यावर रोज चर्चिला जातो.

पण या वादात एक तिसरं नाव फारसं येत नाही. महेला जयवर्धने, नाबाद १०३, ८८ चेंडूंत. त्या दिवशीची कदाचित सर्वांत देखणी फलंदाजी. पण संघ हरला, आणि टीव्हीवर हजार वेळा दाखवला गेला तो षटकार. आपली सहज मतं अशीच बनतात. जे दृश्य सर्वांत जास्त वेळा दाखवलं जातं ते आपलं मत होतं, आणि आपल्याला वाटतं, ते आपणच बनवलं आहे.

तिसरं उदाहरण थोडक्यात. ‘सैराट’, २०१६. “मध्यंतरापर्यंत एक नंबर, नंतर रेंगाळतो,” हे मत आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. निरीक्षण बरोबर आहे, उत्तरार्ध संथ आहेच. पण ‘का?’ विचारल्यावर काय दिसतं? पूर्वार्धात गाणी आहेत, स्लो मोशन आहे, सिनेमाने शिकवलेलं प्रेम आहे. उत्तरार्धात भाड्याची खोली, काम, संशय, भांडण, पगार. सिनेमातलं प्रेम संपून संसार सुरू झाला आहे. रेंगाळणं हा दोष नसेलही. ज्या पूर्वार्धावर आपण नाचलो, त्याचा तो हिशेब असेल. आणि शेवटच्या दृश्यात तर आवाजच काढून घेतला आहे. ‘झिंगाट’वर नाचणारं तेच थिएटर तिथे गप्प बसलं. ‘रेंगाळतो’ हे मत चुकीचं नव्हतं, ते अर्धवट सोडलेलं होतं.

दोन आक्षेप येतील, ते आधीच घेऊ.

पहिला: “अहो, प्रत्येक गोष्टीला कारणं देत बसलो तर मजा काय राहिली?” मान्य. दमून आल्यावर माणूस भुताचा सिनेमा लावतो, त्याच्याकडून प्रबंधाची अपेक्षा नाही. ‘मला आवडलं’ हे संपूर्ण, प्रामाणिक वाक्य आहे. ते तिथेच थांबवावं. थांबवायचं नसेल, समोरच्याला ‘तुला कळत नाही’ असं म्हणायचं असेल, तर मात्र कारण द्यावं लागेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: “म्हणजे पुन्हा जाणकारांचीच सत्ता ना?” ही भीती खोटी नाही. आपल्याकडे ‘अभिरुची’ या शब्दाने पुष्कळांना दाराबाहेर ठेवलं आहे. तमाशाला हीन म्हटलं गेलं, रहस्यकथा-भयकथांना साहित्यात जागा नाकारली गेली. पण नीट पाहा, ‘हे हीन अभिरुचीचं आहे’ हेही कारण नसलेलं मतच आहे. फक्त त्याने कोट घातलेला आहे. जाणकाराच्या सत्तेवर उपाय ‘ज्याची त्याची आवड’ हा नव्हे, कारण त्याने सगळेच सुटतात, जाणकारही. खरा उपाय त्यालाही ‘का?’ विचारणं हा आहे. प्रतिष्ठा सर्वांना मिळत नाही. कारण मात्र कुणीही देऊ शकतो आणि कुणीही मागू शकतो. बारावीतला मुलगा प्राध्यापकाला विचारू शकतो, “सर, चित्रपटात हे कुठे आहे, दाखवा.” दाखवता आलं नाही तर प्राध्यापक हरले.

आणि म्हणूनच आम्हाला हा विषय किरकोळ वाटत नाही. निवडणुकीत विनाकारण मत देण्याचा हक्क आपल्याला आहे आणि तो असलाच पाहिजे. पण त्या हक्काला अर्थ येतो तो आधी झालेल्या उघड, सकारण बोलण्यामुळे. ते बोलणंही मतदानासारखं झालं, तारे द्या, अंगठा दाखवा, मोजा आणि निघा, तर मोजायला आकडे उरतील, बोलायला काही उरणार नाही. जातीबद्दल, धर्माबद्दल, पैशाबद्दल सकारण वाद घालणं आज अवघड झालं आहे. तिथे माणसं दुखावतात, नाती तुटतात. सिनेमा आणि क्रिकेट या अशा जागा आहेत जिथे हरलो तरी फार काही जात नाही. ‘हो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं’ असं म्हणण्याचा सराव तिथे स्वस्तात होतो. त्या स्वस्त जागीही आपण तो केला नाही, तर महाग जागी कुठून करणार?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “फालतू पिक्चर आहे,” तर चिडू नका, मान डोलावू नका. एवढंच विचारा: “कुठे फालतू वाटला?” आणि हाच प्रश्न तुम्हाला कुणी विचारला, तर तो अपमान समजू नका. तुमचं मत मोजण्यापुरतं नाही, ऐकण्यासारखं आहे असं समोरच्याला वाटतं, म्हणून तो विचारतो आहे.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ. गंभीर की धोनी, हाही चालेल, फक्त कारणासहित.