‘श्वास’मधले डॉक्टर का चिडतात?

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ 2004 साली आला. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा तेव्हाचा दुसराच मराठी सिनेमा, भारताची ऑस्करसाठीची प्रवेशिका, आणि त्या ऑस्करवारीसाठी लोकांनी जमवलेले पैसे, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. माझ्या वयाच्या लोकांनी तो टीव्हीवर, घरच्यांसोबत, रडत पाहिलाय. (पुढे गोष्ट सगळी सांगणार आहे. वीस वर्षं झाली, आता कसला स्पॉयलर.)

कोकणातला शाळकरी परशा आजोबांबरोबर शहरातल्या इस्पितळात येतो. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. जीव वाचवायचा तर ऑपरेशन हवं आणि त्यात दृष्टी कायमची जाणार. हे पोराला सांगायचं कोणी आणि कसं, यावर सिनेमाचा मोठा भाग उभा आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आजोबा आणि नातू वॉर्डातून गायब होतात. शोधाशोध, बातम्यांचा गोंधळ. मग कळतं की आजोबा परशाला शहर दाखवायला घेऊन गेले होते, शेवटचं. संदीप कुलकर्णींचे डॉ. साने भडकतात आणि अरुण नलावडेंच्या आजोबांचं उत्तर ऐकून गप्प होतात.

या प्रसंगावर जेवढं लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक आजोबांच्या बाजूने. डॉक्टर म्हणजे नियम, आजोबा म्हणजे माया. नलावडेंचं काम इतकं आतून आलेलं आहे की दुसऱ्या कोणाकडे बघायला सुचतच नाही. पण मला वाटतं, आपण डॉक्टरांच्या रागाकडे नीट पाहिलेलंच नाही. तो इस्पितळाच्या अब्रूपुरता राग नाही.

लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये ‘उपचार सोडून जाणं’ ही वेगळी नोंदवली जाणारी गोष्ट आहे. आजार बरा होण्यासारखा असतो, औषध असतं, खाट असते, आणि एक दिवस कुटुंब परत येत नाही. रेटिनोब्लास्टोमात तर हे नेमकं डोळा काढायचा म्हटल्यावर घडतं. आई-बाप ‘विचार करून सांगतो’ म्हणून जातात, कुठे जडीबुटी, कुठे नवस, आणि काही महिन्यांनी येतात तेव्हा गाठ डोळ्याबाहेर पडलेली असते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रिकामी खाट बघणाऱ्या डॉक्टरला शहर पाहणारा आजोबा आठवत नाही. त्याला आधी न परतलेली मुलं आठवतात. साने सरांचा राग या हिशेबाने ऐकला तर प्रसंग दुप्पट जड होतो. कारण मग दोघंही बरोबर असतात.

डोळ्याच्या कॅन्सरचे डॉक्टर एक क्रम पाळतात: आधी जीव, मग डोळा, मग नजर. सिनेमाची भावना बरोबर उलट्या क्रमाने चालते. नजर जाणार हे सर्वांत मोठं दुःख, जीव वाचणार हे गृहीत. शेवटी काळा चष्मा लावून होडीतून घरी येणारा परशा पाहून आपण रडतो. जगाचे आकडे बघितले तर तो बऱ्यापैकी भाग्यवान मुलगा आहे. 2017 साली 153 देशांत निदान झालेल्या 4,351 मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. श्रीमंत देशांत निदानाचं मधलं वय 14.1 महिने होतं, गरीब देशांत 30.5 महिने. गाठ डोळ्याबाहेर पसरलेली होती श्रीमंत देशांतल्या 1.5 टक्के मुलांत आणि गरीब देशांतल्या 49.1 टक्के मुलांत. तीन वर्षांनी जिवंत असलेली मुलं: एकीकडे 99.5 टक्के, दुसरीकडे 57.3. आजार तोच, पोचण्यात सरासरी सव्वा-दीड वर्षाचा फरक.

इथे माझी सिनेमाबद्दलची खरी तक्रार आहे. दोन्ही डोळ्यांतला हा आजार बहुधा पहिल्या एक-दीड वर्षातच दिसायला लागतो. परशा शाळेत जाणारा आहे. म्हणजे एकतर त्याची केस विरळा, नाहीतर फार उशीर झालेला. इस्पितळात पोचायच्या आधीच्या काळावर सिनेमा रेंगाळत नाही. गाव येतं ते हिरवं, पाण्याचं, आठवणीतलं. त्याने ‘जे दिसणार नाही’ त्याची किंमत कळते हे खरं, पण गाव आणि इस्पितळ यांच्यातला वेळ कुठे गेला, हा प्रश्न त्या सौंदर्यात विरघळतो. दैव म्हणून जे समोर येतं, त्यातला निदान काही भाग उशीर असतो.

‘आता नवे उपचार आलेत, आज परशाचे डोळे वाचले असते,’ असं कोणी म्हणेल. अर्धं खरं आहे. सिनेमानंतर दोनच वर्षांनी, 2006मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एब्रॅमसन आणि गोबँ यांनी मांडीच्या धमनीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन तिथे मेल्फलान हे औषध सोडायला सुरुवात केली. पुढे तेच औषध सुईने डोळ्याच्या आत देण्याची सुरक्षित पद्धत बसली. एरवी काढावेच लागले असते असे कितीतरी डोळे यामुळे राहिले. पण गाठीने डोळा पुरता भरला असेल किंवा ती बाहेर पडायच्या बेतात असेल, तर आजही डोळा काढणं हाच शहाणपणा.

आणि या नव्या उपचारांची एक अट असते, ती बातम्यांत येत नाही. डोळा काढणं म्हणजे मुख्यतः एक ऑपरेशन. डोळा वाचवणं म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी भूल देऊन तपासणी, पुन्हा औषध, पुन्हा तपासणी, महिनोन् महिने. तेही मोजक्या मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत. परशाचं अंतर होडी आणि एसटीचं होतं. मी राहतो त्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात पुणं तासावर आणि मुंबई एक्सप्रेसवेच्या पलीकडे. कागदावर सगळं जवळ. पण चाकणच्या एखाद्या व्हेंडर कंपनीत कंत्राटावर असलेल्या बापासाठी मुंबईची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेल्या शिफ्टा, आणि चार खाडे झाले की ठेकेदाराकडे दुसरा माणूस तयार असतो. पगार 21 हजारांच्या आत असेल तर ईएसआय आहे, नसेल तर महात्मा फुले योजना आहे. पण मोठ्या खर्चाची सोय करून देणारे हे कागद खाड्यांना उत्तर देत नाहीत.

म्हणून आजच्या डॉ. सान्यांसमोरचा प्रश्न 2004पेक्षा अवघड आहे. सिनेमातल्या सान्यांसमोर एकच वाट होती. आता दोन आहेत, आणि निवड करताना स्कॅनइतकंच हेही पाहावं लागतं की हे कुटुंब दहा वेळा परत येईल का. नाही आलं तर वाचवलेल्या डोळ्यातली गाठ मूल नेते. हे ठरवायचं कशावरून? बापाच्या चपलांवरून? गावाच्या नावावरून? चुकीचा अंदाज दोन्ही बाजूंनी महाग आहे: गरीब दिसतो म्हणून वाचण्यासारखा डोळा काढणं, किंवा येईल म्हणून भरवसा ठेवणं आणि मूलच गमावणं. या ठिकाणी अमृता सुभाषच्या आसावरीचं काम अचानक सगळ्यात महत्त्वाचं होतं. ती इस्पितळात समाजसेविका आहे. सिनेमात तिच्याकडे मुख्यतः गुंतणं आणि अलिप्त राहणं यांतली ओढाताण आहे. आजच्या वॉर्डात फोन करून ‘येताय ना?’ विचारणारी, राहायची सोय बघणारी, ठेकेदाराला द्यायचं पत्र तयार करणारी तीच. डोळा वाचवण्यात तिचा वाटा नळी घालणाऱ्याइतकाच आहे आणि तिच्यावर बातमी कधी होत नाही.

उशिरावर मोबाइलचा उपाय निघालाय, तो सांगतो, कारण माझा धंदाच ॲप बनवण्याचा आहे. फ्लॅशच्या फोटोत बाळाची बाहुली लाल दिसायच्या जागी पांढरी चमकली, तर ते या आजाराचं सगळ्यात नेहमीचं पहिलं लक्षण. टेक्सासमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा आजार झाला. त्यांनी घरचे जुने फोटो तपासले आणि पुढे फोटोंतून ही चमक शोधणारं ॲप तयार केलं. 2019च्या त्यांच्या अभ्यासात डोळ्यांचे आजार असलेल्या 20 मुलांपैकी 16 जणांच्या फोटोंत ॲपला ती निदानाच्या आधीच सापडली, सरासरी 1.3 वर्षं आधी. वरच्या आकड्यांतली दरी जवळपास तेवढीच होती. मात्र ॲप फक्त बोट दाखवतं. चमक कधी कोनामुळे येते, कधी मोतीबिंदूमुळे, आणि ‘रेड आय’ पुसणारा कॅमेरा खूण पुसून टाकू शकतो. डोळे तपासायला डॉक्टरच लागतो, त्याच आठवड्यात.

सिनेमाने सोडलेली अजून एक गोष्ट 2004च्याही कितीतरी आधी माहीत होती. दोन्ही डोळ्यांत हा आजार झाला की बिघाड जन्मापासून शरीरातल्या सगळ्या पेशींत असतो. नुडसन यांनी 1971मध्ये मांडलेल्या तर्कातून हे उलगडत गेलं. म्हणजे परशाच्या मुलांना तो मिळण्याची शक्यता निम्मी, आणि त्याला स्वतःला पुढे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका जास्त. भावंडांचे डोळे तर लगेच तपासायला हवेत. होडी किनाऱ्याला लागते, माणसं वाट पाहत उभी असतात, परशा हात हलवतो. त्या गर्दीत कोणाच्या तरी कडेवर त्याचं धाकटं भावंड असेल, तर डॉक्टरांची फाइल अजून बंद झालेली नाही.