‘झांसी की रानी’ : रंग उडालेले चित्र

आपल्या वाचकांना सोहराब मोदी आठवतात ते बहुधा बिमल रॉय यांच्या ‘यहुदी’ (१९५८) मधील एझ्रा जवाहिऱ्या म्हणून. त्याच मोदींनी पाच वर्षे आधी, १९५३ साली, ‘झांसी की रानी’ काढला आणि हात पोळून घेतले.

‘पुकार’ (१९३९) आणि ‘सिकंदर’ (१९४१) यांच्या यशानंतर त्यांची छाती मोठी झाली होती. भारतातला हा पहिला टेक्निकलर बोलपट. ‘गॉन विथ द विंड’चे छायालेखक अर्नेस्ट हॅलर हॉलिवूडहून आले. खर्च अफाट झाला, प्रेक्षक मात्र फिरकले नाहीत. नशिबाचा खेळ पाहा : हिंदी आवृत्तीची जी प्रत आज आपल्याला पाहायला मिळते ती कृष्णधवल! ज्या रंगांपायी एवढा पैसा गेला, तेच नाहीत.

रंग नसले तरी चित्र उभे राहायला हवे होते. ते राहत नाही. राणी तिशी गाठण्यापूर्वीच रणात पडली. मेहताबने तिशी केव्हाच ओलांडली होती. वयाचे एक वेळ चालवून घेऊ. पण मोदींनी स्वतःकडे राजगुरूची भूमिका घेतली आणि राणीचा प्रत्येक निश्चय जणू गुरूच्या पढवणीतून येतो. संवाद पारशी रंगभूमीवरचे, भारदस्त. मोरोपंत तांब्यांच्या या लेकीच्या घरी मराठी बोलत असतील, याचा मागमूस लागत नाही. त्यातल्या त्यात गोड वाटते ती लहानगी मनू, आणि आपल्या कोकणच्या वसंत देसायांचे संगीत.

एक गोष्ट मात्र मला घरची म्हणून बोचते. झाशीला वेढा घालणाऱ्या ह्यू रोजच्या फौजेत केवळ गोरे नव्हते. मुंबई इलाख्याच्या २४व्या आणि २५व्या देशी पलटणीही होत्या. त्या काळी मुंबईच्या देशी पलटणींत आपले बेने इस्राएल सुभेदार-जमादार नोकरी करीत. मीठ कंपनी सरकारचे, समोर मराठी बोलणारी राणी! तटाखाली उभ्या असलेल्या त्या शिपायाच्या मनात काय चालले असेल? खरे नाट्य तिथे होते. मोदींच्या कॅमेऱ्याने हत्ती-घोडे मोजले, त्या शिपायाकडे पाहिलेच नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी साधा, कृष्णधवल ‘मिर्झा गालिब’ काढला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. दोन्ही चित्रे लागोपाठ पाहावीत. आधी राणी, मग गालिब.