बाप व्हायचं कोण ठरवतं? ज्युडिथ स्टेसी वाचताना

आपल्याकडे लग्न झालेल्या पुरुषाला "काय, गोड बातमी कधी?" असं विचारतात. "तुला बाप का व्हायचंय?" असं सहसा कुणी विचारत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ज्युडिथ स्टेसी यांनी नेमका हा प्रश्न लॉस एंजेलिसमधल्या गे पुरुषांना विचारला. 1999 ते 2003 या काळात त्यांनी 50 जणांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या. त्यातून आधी लेख आले, मग 2011 मध्ये 'अनहिच्ड' हे पुस्तक.

स्टेसींचा मुद्दा असा. स्त्रीशी संबंध असलेल्या पुरुषाला मूल चुकूनही होऊ शकतं, गे पुरुषाला तसं होत नाही. त्याला ठरवावं लागतं, खटपट करावी लागते. म्हणून मूल हवंसं वाटण्याची ओढ त्याच्याकडे सुटी करून बघता येते. स्टेसी त्यासाठी एक पट्टी मांडतात: एका टोकाला बाप होणं जणू कपाळी लिहूनच आलेले, दुसऱ्या टोकाला साफ नकार देणारे, आणि मधे परिस्थितीनुसार, बरेचदा जोडीदाराच्या मनानुसार, इकडे किंवा तिकडे झुकणारे. त्या पुढे म्हणतात की पितृत्व आता सगळ्याच पुरुषांसाठी ऐच्छिक होत चाललंय, गे पुरुषांमध्ये ते फक्त उघड दिसतं.

या लेखनाचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागेल. 2001 मध्ये स्टेसी आणि टिमोथी बिब्लार्झ यांनी समलिंगी पालकांच्या मुलांवरचे 21 अभ्यास पुन्हा तपासले होते. मुलांचा ताबा, दत्तक यांवरून कोर्टात लढाया चालू असल्यामुळे संशोधक "काहीच फरक नाही" असं बचावात्मक लिहितात, सापडलेले छोटे फरकसुद्धा दडपतात, असं त्यांनी दाखवलं. आपल्याच बाजूच्या लोकांना हे सुनावायला धाडस लागतं. शिवाय ते अभ्यास जवळपास सगळे लेस्बियन आयांवरचे होते, बाप त्यात नव्हतेच म्हटलं तरी चालेल.

मला पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग वाटला तो दत्तकाचा. सरोगसीचा खर्च झेपत नाही असे पुरुष लॉस एंजेलिस काउंटीच्या फॉस्टर केअरकडे वळतात. तिथे गोरी, सुदृढ, तान्ही बाळं आधी इतरांना मिळतात. मागे उरतात ती मोठी, आजारी किंवा गर्भातच अमली पदार्थांची झळ बसलेली मुलं, आणि त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं पुष्कळ. म्हणजे ज्यांना समाज पालक म्हणून नालायक ठरवतो, त्यांच्याच पदरात सगळ्यात अवघड मुलं टाकतो. स्टेसी हे दुःखाचं भांडवल न करता सांगतात.

पण ती पट्टी मला पटत नाही. एक तर ओढ मोजली जाते ती निकाल लागल्यावर. मुलाला मांडीवर घेऊन बसलेला माणूस "मला पहिल्यापासून बापच व्हायचं होतं" असं म्हणणारच. पैशाअभावी राहून गेलेला म्हणेल, "तितकंसं मनात नव्हतं." दुसरं, सरोगसीच्या गोष्टीत मूल वाढवणारी बाई बापांच्या कृतज्ञतेतूनच दिसते. शर्मिला रुद्रप्पा यांचं 'डिस्काउंटेड लाइफ' (2015) सोबत ठेवून वाचा: बंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांतून सरोगसीकडे आलेल्या बाया तिथे स्वतः बोलतात. परदेशातले गे पुरुषही भारतात याच वाटेने बाप होत होते. मग 2012 मध्ये व्हिसाचे नियम बदलले आणि लग्नाला किमान दोन वर्षं झालेलं स्त्री-पुरुष जोडपंच पात्र ठरलं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्टेसींनी 1958 ते 1973 मध्ये जन्मलेले पुरुष निवडले, कारण बाईशी लग्न न करताही गे म्हणून उघडपणे जगता येईल अशा काळात ही पिढी वयात आली. त्यांच्या प्रश्नासाठी निवड रास्तच. पण मग ही पट्टी महाराष्ट्रात आणून बघा. इथे एकट्या पुरुषाला सरोगसी बंद (2021 चा कायदा), मुलगी दत्तक घेता येत नाही, आणि समलिंगी जोडप्याला एकत्र दत्तक घेण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 3 विरुद्ध 2 मतांनी नाकारली. तरी इथे गे बाप आहेत. आईवडिलांनी मुलगी बघितली, लग्न लावलं, वर्षभरात घरून विचारणा सुरू झाली, मूल झालं. या माणसाला पट्टीवर कुठे बसवायचं? ओढ म्हणावी तर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. नकार म्हणावा तर रोज सकाळी लेकीच्या वेण्या तोच घालतो. आणि त्याची बायको? तिला तर काय घडतंय हेही माहीत नसतं, तिच्यावरचा अन्याय त्याच्या घुसमटीपेक्षा कमी नाही. त्याची मुलाखत घेणंसुद्धा सोपं नाही. नाव बदललं तरी गाव, जात, नोकरी यांवरून ओळख पटते.

'अनहिच्ड'मध्येच चीनमधल्या मोसुओ लोकांवर एक प्रकरण आहे. तिथे मुलं आईच्या घरी वाढतात, त्यांना वाढवायला मामा असतो आणि लग्नाची गरजच पडत नाही. आपल्या प्रश्नाला ते जास्त जवळचं आहे असं मला वाटतं. त्यावर पुढच्या लेखात.